रिटायर झालेली जेट विमानं म्युझियममध्ये बघायची आहेत? सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी बडोद्याचा, दांडिया बाजारात वाढलेला, सगळी नोकरी कारखान्यात मेंटेनन्समध्ये गेली आणि रिटायर झाल्यावर मुलीकडं जर्मनीला गेलो तेव्हा म्युझियममधली जुनी प्रवासी विमानं बघायचा जो नाद लागला तो आजवर सुटलेला नाही. परत आलो की ओळखीच्या लोकांना फोटो दाखवतो आणि मग फोनवर, व्हॉट्सॲपवर, लग्नाच्या पंगतीत तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, अडचणीचे पुढं आहेत, आणि एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडं लागली तर तिथं नंबर दिलाय.

१. काका, जेट म्हणजे नेमकं कुठलं विमान? पंख्याचं विमान जेट नसतं का?

नसतं. जेटमध्ये इंजिन हवा आत ओढून गरम वायू जोरात मागं फेकतं आणि त्या रेट्यानं विमान पुढं जातं. बाहेर गरगर फिरणारा पंखा दिसला तर ते प्रोपेलरचं विमान, मग आत जुनं पिस्टन इंजिन असो नाहीतर टर्बाइन असो. टर्बाइननं पंखा फिरवणाऱ्याला टर्बोप्रॉप म्हणतात. आपल्या बडोद्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्या सी-२९५ च्या कारखान्याचं उद्घाटन झालं तेही टर्बोप्रॉपच, आणि ते सैन्याचं मालवाहू विमान आहे. इथं मी फक्त प्रवासी जेटबद्दल लिहितोय, आणि तो जमाना २ मे १९५२ ला सुरू झाला, त्या दिवशी ब्रिटनचं कॉमेट पैसे देऊन बसलेल्या प्रवाशांना घेऊन लंडनहून जोहान्सबर्गला निघालं.

२. मग ते पहिलं जेट, कॉमेट, आज बघायला मिळतं का?

मिळतं, पण सुरुवातीच्या मॉडेलची फार थोडी उरलीत. इंग्लंडमध्ये कॉसफर्डला आरएएफच्या, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या म्युझियममध्ये सुरुवातीच्या घराण्यातलं एक अख्खं आहे, लंडनजवळ लंडन कॉल्नी गावात, कॉमेट बनवणाऱ्या दे हॅविलँड कंपनीच्या म्युझियममध्ये एकाचं धड आहे. नंतरचं सुधारलेलं कॉमेट ४ इंग्लंडमध्येच डक्सफर्डच्या म्युझियममध्ये आहे आणि ते साधंसुधं नाही, ४ ऑक्टोबर १९५८ ला जेटनं अटलांटिक पार करायची प्रवासी सेवा सुरू झाली त्या दिवशीच्या दोन विमानांपैकी ते एक.

कॉमेटची गोष्ट आपल्यालाही चिकटलेली आहे, बरोबर एक वर्षानं, २ मे १९५३ ला, कलकत्त्याच्या दमदमहून उडालेलं कॉमेट वादळात तुटून पडलं आणि ४३ माणसं गेली. मग १९५४ च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये इटलीजवळ समुद्रात आणखी दोन पडली. त्यानंतर फार्नबरोला एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून आत परत परत प्रेशर दिलं आणि सोडलं, प्रत्येक वेळ म्हणजे एक उड्डाण असं धरून, आणि शेवटी पत्रा कापलेल्या जागेच्या कोपऱ्यापासून फाटला. तार सारखी वाकवली की तुटते ना, तोच प्रकार, मेटल फटिग. समुद्रातून काढलेल्या कॉमेटच्या छताचा एक तुकडा लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये ठेवलाय. आज आपण बिनधास्त विमानात बसतो त्यात त्या तुकड्याचा वाटा आहे, म्हणून तिथं गेलात तर घाईघाईनं पुढं जाऊ नका.

३. युरोपला जाणार आहोत, एकच दिवस काढू शकतो, कुठं जाऊ?

जर्मनीत स्पायर आणि झिन्सहाइम. दोन्ही टेक्निक म्युझियम जवळजवळ आहेत, सकाळी एक, दुपारी दुसरं, आरामात होतं.

स्पायरला लुफ्तान्झाचं बोइंग ७४७ साधारण वीस मीटर उंच खांबांवर बसवलंय. गोल जिन्यानं वर चढायचं, दम लागतो, पण वर गेल्यावर नुसतं आत बसून बाहेर यायचं नाही, डाव्या पंखावर चालता येतं. मी चाललो. वारा सुटलेला होता आणि पायाखाली रिवेटच्या रांगा, सरळ, एका ओळीत, दूर टोकापर्यंत. आत काही ठिकाणी अस्तर काढून ठेवलंय त्यामुळं धडाच्या गोल फासळ्या उघड्या दिसतात. लहानपणी कमाटीबागेच्या म्युझियममध्ये देवमाशाच्या सांगाड्याखाली उभं राहून वर बघताना जसं व्हायचं तसंच झालं एकदम, बडोद्याच्या माणसाला दुसरी उपमा सुचणारच नाही.

झिन्सहाइमला छपरावर कॉनकॉर्ड आणि रशियाचं टुपोलेव्ह १४४ शेजारी शेजारी, नाक वर करून. ही दोन्ही सुपरसॉनिक प्रवासी विमानं एकत्र ठेवलेली जगात ही एकच जागा.

पॅरिसला जाणार असाल तर ल बुर्जेचं म्युझियम, तिथं कॉनकॉर्ड, ७४७ आणि एअरबसचं ए३८० तिन्ही आहेत. फ्रान्समध्येच तुलूझला एरोस्कोपिया म्युझियम. अमेरिकेत नातेवाईक असतील तर सिएटलचं म्युझियम ऑफ फ्लाइट, पहिलं ७४७, पहिलं ७२७, कॉनकॉर्ड आणि ७८७ चं टेस्ट विमान एकाच छपराखाली. वॉशिंग्टनजवळ उद्वार-हेझी सेंटर नावाच्या म्युझियमला बोइंगचं डॅश ८० आहे, १५ जुलै १९५४ ला पहिल्यांदा उडालेलं, बोइंग ७०७ ज्याच्यावरून निघालं ते.

४. कॉनकॉर्ड एकूण किती उरलीत?

२० बनली, त्यातली १८ आज आहेत. एक २५ जुलै २००० ला पॅरिसजवळ पडलं आणि एक त्याच्याही आधी तोडून स्पेअर पार्टसाठी वापरलं गेलं. शेवटचं उड्डाण २६ नोव्हेंबर २००३ ला ब्रिस्टलजवळ फिल्टनला झालं आणि ते विमान तिथंच म्युझियममध्ये आहे.

एक गोष्ट मला फार आवडते. आवाजापेक्षा वेगानं जाताना कॉनकॉर्ड इतकं तापायचं की धड १५ ते २५ सेंटीमीटर लांब व्हायचं आणि फ्लाइट इंजिनिअरच्या पॅनेलशेजारी हात जाईल एवढी फट उघडायची. विमान थंड झालं की फट बंद. शेवटच्या फेरीत काही इंजिनिअरनी आपली टोपी त्या फटीत सरकवली, विमान उतरलं, फट मिटली, टोपी आत. सिएटलच्या कॉनकॉर्डमध्ये हेच केलेलं.

आणि हो, एअर इंडियानं पण दोन कॉनकॉर्डसाठी नाव नोंदवलं होतं, नंतर सोडून दिलं.

५. आपल्या एअर इंडियाचं ७०७ किंवा जम्बो कुठं ठेवलंय का? ते बघायचं आहे.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर देताना मला दरवेळी वाईट वाटतं. १९६० मध्ये एअर इंडियाकडं ७०७ आली, १९६२ मध्ये ती सगळा ताफा जेटचा असलेली जगातली पहिली एअरलाईन झाली, १९७१ मध्ये सम्राट अशोक नावाचं पहिलं जम्बो (म्हणजे ७४७) आलं, खिडक्यांना झरोख्यांची नक्षी रंगवलेलं. एवढा इतिहास, पण ऑस्ट्रेलियात लाँगरीचच्या म्युझियममध्ये तिथल्या क्वांटास एअरलाईनची विमानं जशी कुटुंबाला घेऊन बघता येतात तसं एअर इंडियाच्या जेटचं म्युझियम आपल्याकडं नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये एक जम्बो मुंबईहून कायमचं अमेरिकेला निघालं तेव्हा त्यानं उडताना पंख हलवून निरोप दिला, तो व्हिडिओ माझ्या फोनमध्ये अजून आहे.

आपल्या ७०७ चा शोध घेतला की मन जातं ते आल्प्समधल्या मों ब्लां शिखरावर. २४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाचं कांचनगंगा नावाचं ७०७ तिथं आदळलं, डॉ. होमी भाभांसह ११७ माणसं गेली आणि हिमनदी अजूनही अधूनमधून त्याच्या वस्तू खाली आणून सोडते.

गोव्याला नौदलाच्या विमान म्युझियममध्ये एअर इंडियानं वापरलेलं सुपर कॉन्स्टेलेशन आहे, ते जेट नव्हे (प्रश्न १ बघा), चार पंख्यांचं, तीन शेपट्यांचं, पण गोव्याला गेलात तर बीचवरून एक तास काढून नक्की बघा. आणि ७०७ च बघायचं असेल तर लाँगरीचला क्वांटासचं पहिलं ७०७ आहे.

६. म्युझियममधलं विमान दुरुस्त करून परत उडवता येतं का?

जवळजवळ कधीच नाही. विमान उडायला नुसतं इंजिन चालू होऊन भागत नाही, प्रत्येक पार्टचा कागद लागतो, तो कधी बसवला, किती तास चालला, कुणी तपासला. कागदाची साखळी तुटली की पार्ट चांगला असूनही उपयोगाचा नाही. कॉनकॉर्डच्या बाबतीत तर बनवणाऱ्यांनीच पार्ट आणि सपोर्ट बंद केला.

एकच उड्डाण, म्युझियमपर्यंत, हे मात्र झालंय. १९६४ पासून प्रवासी नेणारं पहिलं ७२७ जवळजवळ २५ वर्षं व्हॉलंटिअर लोकांनी दुरुस्त केलं आणि २ मार्च २०१६ ला ते एव्हरेटहून सिएटलला, जेमतेम पाऊण तासाचं अंतर रस्त्यानं, उडत गेलं. एका उड्डाणासाठी २५ वर्षं! मेंटेनन्सवाल्या माणसालाच कळेल त्या दिवशी त्यांना काय वाटलं असेल.

७. इतकं मोठं विमान म्युझियमपर्यंत नेतात तरी कसं?

शक्य असेल तर उडवत नेतात आणि तिथंच खरी कसोटी लागते कारण म्युझियमची धावपट्टी लहान असते. डक्सफर्डचं कॉनकॉर्ड १९७७ मध्ये उतरवलं ते धावपट्टी कापली जायच्या अगदी आधी, मोटारवे जायचा होता तिथून. २०१५ मध्ये क्वांटासचं ७४७-४०० सिडनीजवळ अल्बियन पार्कला उतरलं, तिथली धावपट्टी दोन किलोमीटरचीही नाही, आणि हे तेच विमान ज्यानं १९८९ मध्ये लंडन ते सिडनी न थांबता २० तास ९ मिनिटांत गाठलं होतं.

सगळ्यात थरारक मात्र पूर्व जर्मनीचं. राइट बंधूंच्या आधी ग्लायडर उडवणारा ओटो लिलिएनथाल जिथं पडला त्या श्टोल्न गावाला २३ ऑक्टोबर १९८९ ला एक इल्युशिन ६२ गवताच्या मैदानात उतरवलं, साधारण ९०० मीटर जागेत. चार इंजिनांचं लांब पल्ल्याचं विमान, गवतात! लिलिएनथालच्या बायकोवरून त्याचं नाव लेडी ॲग्नेस ठेवलं, आज आत प्रदर्शन आहे आणि लोक तिथं लग्नाची नोंदणीही करतात.

उडवणं जमत नसेल तर पाण्यानं. स्पायरचं ७४७ ऱ्हाइन नदीतून बार्जवर आलं. स्कॉटलंडला ईस्ट फॉर्च्यूनला गेलेलं कॉनकॉर्ड २००४ मध्ये पंख कापून थेम्समधून नेलं, पार्लमेंटसमोरून. कापलं की परत जोडता येतं पण ते विमान मग कधीच उडणार नाही हे त्याच दिवशी ठरतं.

८. ॲल्युमिनियमला गंज लागत नाही ना? मग उघड्यावर ठेवलं तर काय बिघडतं?

लागतो. लोखंडासारखा लाल नाही, पांढरी पूड निघते, रंगाला फोड येतात, पत्रा आतल्या आत पापुद्र्यासारखा सुटत जातो. विमानाचं ॲल्युमिनियम शुद्ध नसतं, ताकदीसाठी तांबं, जस्त असं मिसळलेलं असतं, आणि त्यात स्टीलचे बोल्ट, म्हणजे दोन धातू एकमेकांना चिकटलेले, मध्ये पाणी शिरलं की झालं काम सुरू. नोकरीत आयुष्यभर हेच बघितलं, पाणी कुठं थांबतं ते शोधा, गंज तिथंच असतो.

उडतं विमान एका अर्थानं स्वतःला सांभाळतं, रोज माणसं हात लावतात, सील तपासतात, पोटाला पाणी जायची भोकं साफ असतात. उभं राहिलं की ती भोकं मातीनं बुजतात, पक्षी घरटी करतात, खिडक्यांचं प्लास्टिक उन्हानं धुरकट होतं, टायर एका जागी बसून चपटे होतात म्हणून म्युझियमवाले विमान जॅकवर किंवा स्टँडवर घेतात. डक्सफर्डला एका विमानाच्या दारापाशी मी वाकून बघितलं, खालच्या पट्टीत बोटभर लांबीची हिरवी शेवाळ होती आणि एक आजोबा टूथब्रशनं ती काढत होते. दर मंगळवारी येतो म्हणाले.

म्हणून अमेरिकेत टूसॉनसारख्या वाळवंटात विमानं उघड्यावर टिकतात आणि बाकीच्यांना छप्पर लागतं. सिएटलनं २०१६ मध्ये छप्पर केलं, लाँगरीचनं त्यानंतर काही वर्षांनी सगळ्या मोठ्या विमानांवर.

९. एकदा म्युझियममध्ये गेलं म्हणजे कायमचं वाचलं, बरोबर?

नाही. हे फार लोकांना माहीत नसतं. कॉसफर्डलाच उघड्यावर उभी असलेली ७०७ आणि व्हीसी१० व ट्रायडेंट ही जुनी ब्रिटिश जेट २००६ मध्ये तोडली, देखभालीचे पैसे थांबले आणि गंज पुढं गेला होता. व्हीसी१० चं धड तेवढं इंग्लंडमधल्याच ब्रुकलँड्सच्या म्युझियमला गेलं. २०२१ मध्ये हॅम्बुर्ग आणि बर्लिनच्या एअरपोर्टवर ठेवलेली ७०७ पण तोडली. छप्पर, ठरलेले पैसे आणि दर मंगळवारी येणारा माणूस, यातलं काहीच नसेल तर विमान म्युझियममध्ये नाही, नुसतं भंगाराच्या रांगेत उभं आहे असं समजा.

उलट पण होतं. १९७७ मध्ये अपहरण होऊन मोगादिशूला नेलेलं लुफ्तान्झाचं लांड्सहूट नावाचं ७३७ ब्राझीलमध्ये खितपत पडलं होतं, २०१७ मध्ये जर्मनीनं ते सुटं करून अजस्र अँटोनोव्ह मालवाहू विमानातून घरी आणलं.

१०. बाहेरचा रंग आणि नाव बघून विमान कुठल्या कंपनीचं ते कळतंच ना?

कळत नाही, फसायला होतं. वर सांगितलेलं बर्लिनचं ७०७ लुफ्तान्झाच्या रंगात उभं होतं पण मुळात ते इस्रायलच्या एल अलचं, आणि १९७० मध्ये ज्याच्या अपहरणाचा प्रयत्न हाणून पाडला गेला तेच. खरी ओळख म्हणजे बनवणाऱ्याचा सिरीयल नंबर, दाराच्या चौकटीजवळ किंवा कॉकपिटमध्ये धातूच्या छोट्या पट्टीवर कोरलेला असतो. रजिस्ट्रेशनची अक्षरं (आपली व्हीटीनं सुरू होतात) मालक बदलला की बदलू शकतात, सिरीयल नंबर जन्मभर तोच.

११. इंजिनं खरी असतात की नुसते डबे?

दोन्ही. इंजिन महाग असतं म्हणून बरेचदा काढून विकलेलं असतं. पंखाखालची इंजिनं पंखाच्या जरा पुढं टांगलेली असतात, ती काढली की वजन मागं जातं आणि विमान नाक वर करून शेपटीवर बसू शकतं, त्यामुळं पुढं वजन भरतात किंवा शेपटीखाली टेकू देतात. तेल, इंधन, संकटात उतरायच्या घसरगुंडीचे गॅसचे बाटले, आग विझवायची काडतुसं हे सगळं आधीच काढावं लागतं. जुन्या ७४७ मध्ये तोल साधायला डिप्लीटेड युरेनियमची वजनं असायची, तीही.

१२. तरसाली बायपासवरचं विमान आहे ना आपल्याकडं, ते म्युझियमचं धरायचं का?

२०२१ मध्ये सुरू झालेलं ते रेस्टॉरंट, भंगारात गेलेलं एअरबस ३२० बंगळुरूहून सुटं करून आणून इथं जोडलेलं. म्युझियम नाही, कारण विमानानं कुठं कुठं काम केलं ते तिथं कुणी सांगत नाही आणि ते सांगायचा त्यांचा धंदाही नाही. पण मी नातवाला घेऊन गेलो आणि वाईट वाटलं नाही. खिडकीच्या काचेत खालच्या बाजूला टाचणीएवढं भोक दिसलं त्याला, म्हणाला आजोबा काच फुटलीय. मग पंजाबी भाजी येईपर्यंत त्याला सांगितलं की काचा तीन असतात, मधल्या काचेला हे भोक मुद्दाम ठेवतात, त्यानं दाब बाहेरच्या काचेवर जातो आणि धुकं धरत नाही. ज्या मुलाला म्युझियम बघायला परदेशी जाता येणार नाही त्याला खऱ्या विमानाच्या पत्र्याला हात लावता येतो, हे मला मोठं वाटतं. हॉलंडला एक केएलएमचं ७४७ तर २०१९ मध्ये शेतातून ओढत हॉटेलच्या बागेत नेलं.

१३. बडोद्यात एखादं जेट नीट म्युझियम म्हणून ठेवायचं तर काय लागेल?

विमान मिळणं हा सगळ्यात सोपा भाग, हे पहिलं लक्षात घ्या. नागपूरच्या एअरपोर्टवर १९९१ पासून एक बोइंग ७२० दोन दशकांहून जास्त नुसतं उभं होतं. विमान होतं, जागा होती, बाकी काही नव्हतं.

आधी छप्पर, आपला पाऊस बघता त्याशिवाय विचारच नको. जागा विश्वामित्रीपासून लांब आणि उंचावर, २०२४ चा पूर आठवा. मग विमानाबरोबर त्याची लॉगबुकं मागून घ्यायची, विकणाऱ्याला ती रद्दी वाटते, पण तीच विमानाची कुंडली. आणि माणसं. अटलांटाला डेल्टाच्या म्युझियममध्ये एक ७६७ आहे, १९८२ मध्ये कर्मचाऱ्यांनी आपल्या पगारातून पैसे काढून कंपनीला घेऊन दिलेलं, ते रिटायर झाल्यावर तिथं ठेवलं कारण त्याच्यावर जीव असलेली हजारो माणसं होती. आपल्याकडं आयटीआय आहेत, इंजिनिअरिंग कॉलेज आहे, रिटायर झालेले फिटर गल्लोगल्ली आहेत, मी पहिला नाव देतो.

१४. वडील एअर इंडियानं गेले होते तेव्हाचा मेनू, बोर्डिंग पास, महाराजाचं पोस्टकार्ड घरी आहे. टाकून देऊ का?

मुळीच नाही! विमानं गेली, कागद तरी राहू द्या. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, पावसाळ्यात बुरशी येते. साध्या कागदाच्या पाकिटात, लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात. आणि आज संध्याकाळीच वडिलांना किंवा आईला शेजारी बसवून विचारा कोण गेलं होतं, कुठल्या साली, कुठून कुठं, खिडकीत कोण बसलं होतं, आणि ते कागदाच्या मागं कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहून ठेवा. पेन्सिलनं लिहा, बॉलपेननं नको, शाई पुढच्या बाजूला उमटते.